आवाजबाई आणि मौनीबाबा

त्या दिवशी माझी सायकल पंक्चर झाली नसती, तर माझ्या नावावर शहरात काय चाललंय ते मला कळलंच नसतं.

सकाळची वेळ. वारा असा सुटलेला, की स्कार्फ एकीकडे आणि मी एकीकडे. बस थांब्यावरून हलली होती. मी हात हलवत धावले, "अहो, थांबा! थांबा ना!" म्हणून ओरडले... आणि निघालेली बस गचकन थांबली. दार उघडलं. मी धापा टाकत आत चढले.

ड्रायव्हरने वळून पाहिलं नाही. त्याने डोक्यावरच्या मोठ्या आरशातून पाहिलं. आरशात फक्त दोन डोळे दिसत होते, पण ते असे काही विस्फारले होते, की मी आधी केस सारखे केले आणि मग तिकीट काढलं.

आता जरा थांबून सांगते, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. आमच्या शहरात दोन भाषा आहेत. एक ऑफिसची, एक घरची. बिलं, पाट्या, मुलाखती ऑफिसच्या भाषेत. भांडणं, लाड आणि झोपेतली बडबड घरच्या भाषेत. मी संध्याकाळी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर घरच्या भाषेचा वर्ग घेते. ज्यांच्या घरातूनच ती निघून गेली आहे, असे लोक तिथे येतात. आणि बसमध्ये थांब्यांची नावं घरच्या भाषेतही सांगावीत म्हणून बसकंपनीचे उंबरठे मीच झिजवले होते. शेवटी कंटाळून त्यांनी परवानगी दिली. आवाज मात्र त्यांना फुकट हवा होता. मग आत्याच्या कपड्यांच्या कपाटात बसून, डोक्यावरून रजई घेऊन, सगळे थांबे मीच रेकॉर्ड केले. चारचौघांत, भर रस्त्यात, मोठ्याने आमची भाषा ऐकू येते अशी शहरात ती एकच जागा. मला त्याचा केवढा अभिमान होता! दुसऱ्या एका मार्गावर मुद्दाम जाऊन मी ते ऐकलंही होतं. या मार्गावर मात्र कधी बसले नव्हते.

तर बस वळणावर आली आणि माझा आवाज घुमला. गोड, स्वच्छ, अगदी समजूतदार –

"पुढचा थांबा – स्मशानभूमी."

आणि अख्खी बस एका सुरात ओरडली, "प्रसूतिगृह!"

समोरच्या बाकावरची दिवस भरलेली बाई खुदकन हसली, पोट सावरत उठली आणि गुलाबी इमारतीसमोर उतरली. दोन शाळकरी मुली अजून खिदळत होत्या. एक टोपीवाले काका शेजाऱ्याला म्हणाले, "आज सूर चांगला लागला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. काय झालं असेल ते माझ्या लगेच ध्यानात आलं. रेकॉर्डिंग बसमध्ये चढवणाऱ्या माणसाला आमची भाषा येत नसणार. दोन थांब्यांच्या घोषणांची अदलाबदल झाली, आणि त्याला त्यातलं काही कळलं नाही. मी तरातरा पुढे गेले.

"अहो, हे चूक आहे! साफ चूक आहे!"

आरशातले डोळे हसले. "तुम्ही 'थांबा' म्हणालात तेव्हाच ओळखलं," तो ऑफिसच्या भाषेत म्हणाला. "आवाजबाई ना तुम्ही?"

"आवाजबाई?"

"सगळे तेच म्हणतात. दिवसभर तुम्हीच तर बोलत असता माझ्या डोक्यावर."

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझाच आवाज पुन्हा म्हणाला, "पुढचा थांबा – प्रसूतिगृह." बाहेर स्मशानभूमीचं फाटक दिसत होतं. या वेळी कोणी ओरडलं नाही. बस एकदम शांत झाली. पांढऱ्या केसांच्या एक काकू हातात फुलं घेऊन उठल्या, आणि पायरी उतरताना आरशाकडे बघून गोड हसल्या.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तरी मी उतरले नाही. मला भांडायचं होतं.

"तुम्हाला चूक कळली होती ना? मग कंपनीला का नाही सांगितलं?"

त्याने इंजिन बंद केलं. तेव्हा पहिल्यांदा वळला. आरशातल्या डोळ्यांना एक सावळा, शांत चेहरा जोडला गेला, आणि माझं निम्मं भांडण तिथेच विरघळलं.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पण फुलंवाल्या काकूंनी हात जोडले. त्यांचे यजमान तिथे आहेत. म्हणाल्या, रोज त्या फाटकाशी ती मुलगी 'प्रसूतिगृह' म्हणते, तेव्हा मला वाटतं, आमचे हे कुठेतरी पुन्हा जन्मले. राहू दे रे बाबा, चूक." त्याने खांदे उडवले. "मग मी राहू दिली."

आता यावर कोणी काय भांडायचं?

"पण तुम्ही माझ्याशी ऑफिसच्या भाषेत का बोलताय? आमची कळते ना तुम्हाला?"

"कळते सगळी." तो स्टिअरिंगकडे बघायला लागला. "बोलता येत नाही."

प्रवासी त्याला मौनीबाबा म्हणतात, हे मला नंतर कळलं.

---

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

तिथली अधिकारीबाई काही वाईट नव्हती. नीट इस्त्रीची, नीट बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "इतके महिने चुकीची घोषणा होतेय, आणि आमच्याकडे एकही तक्रार नाही. एकही नाही. म्हणजे काय? ती कोणी ऐकतच नाही. कशाला दुरुस्त करायची? बंदच करू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी विनवण्या केल्या, वाद घातला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. तेही खरंच होतं. तेव्हा ती जरा नरमली.

"पुढच्या महिन्यात मी त्या मार्गावर पाहणीला येतेय. त्या दिवशी तुमचा आवाज बंद ठेवू. प्रवाशांनी विचारलं, आवाज कुठे गेला, तर राहील. नाही विचारलं, तर कायमचा बंद. आणि कोणाला आधी सांगायचं नाही हं. पढवून आणलेल्या लोकांना मी प्रवासी म्हणत नाही."

अट चोख होती. मला ती मान्य करावीच लागली. मौनीबाबाला मात्र मी सांगितलं. बस तोच चालवणार होता आणि आवाजाचं बटणही त्याच्याच हाताशी होतं. त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "आवाज गेला तर बस फार मोठी वाटेल मला."

त्यानंतर सायकल दुरुस्त झाली, पण मी बसनेच जायला लागले.

"सायकलला काय धाड भरली?" आत्या विचारायची. मी आत्याकडे राहते. आत्या त्याच प्रसूतिगृहात नर्स होती. निम्मं शहर तिने हातात झेललंय आणि त्या निम्म्या शहराला ती अजून दम देते. आवाजाचा घोळ कळल्यावर तिने मला दिवसभर फैलावर घेतलं होतं. माझ्या बाळंतिणींना स्मशानात धाडलंस, म्हणून.

"वारा फार असतो आत्या, सायकलवर."

"असं? वारा लागलाय खरा," असं म्हणून ती चष्म्यावरून माझ्याकडे बघायची.

संध्याकाळी वर्ग सुटला की मी त्याची शेवटच्या थांब्याकडे जाणारी फेरी पकडायची. तिथे त्याला चहापुरती सुट्टी असे. त्याच्या थर्मासाला एकच झाकण. आधी मी प्यायची, मग तो. एकदा भुरभुर पाऊस होता. वायपर बंद असल्याने समोरची काच हळूहळू धूसर होत गेली आणि बाहेरचं जग दिसेनासं झालं. मी त्याच्या मागच्या बाकाच्या कडेला बसायला गेले, आणि पाठमोऱ्या मौनीबाबाच्या तोंडून, आमच्या भाषेत, शब्द आले –

"कृपया आत सरकावे. मागे जागा आहे."

मी उडालेच. "तुम्ही बोललात!"

त्याचे कान लाल झाले. "तेवढंच येतं. बस डेपोत नेताना रिकामी असते ना... तेव्हा तुमच्यामागून म्हणतो. सगळे थांबे येतात. 'पायरीकडे लक्ष द्यावे' येतं. 'दारात उभे राहू नये' येतं."

"आणखी?"

"हा शेवटचा थांबा आहे. कृपया सर्वांनी उतरावे." त्याने आरशातून हळूच पाहिलं. "हे मात्र मला म्हणायला आवडत नाही."



मग आपल्याला बोलता का येत नाही, ते त्याने सांगितलं. शाळेने आईवडिलांना बजावलं होतं, की मुलाशी घरात ऑफिसचीच भाषा बोला, नाहीतर मागे पडेल. त्यांनी निमूटपणे ऐकलं. आपसात ते आपल्या भाषेत बोलायचे, याच्याकडे वळले की ऑफिसच्या भाषेत. एकदा मामाच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना, त्याने धीर करून घरच्या भाषेत काहीतरी मागितलं. सगळे पोट धरून हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"माझ्यासमोर बोला," मी म्हणाले. "मी हसणार नाही. शप्पथ."

त्याने घसा साफ केला. स्टिअरिंग घट्ट धरलं. आणि एकेक शब्द चाचपडत म्हणाला, "मला... चहा... तुमच्याबरोबर... आवडतो."

आणि मी – मी मेली – फस्सकन हसले!

कारण तो अगदी माझ्यासारखं बोलला होता. तीच लय, शेवटी तोच लाडिक हेलकावा, जो मी रजईत घुसमटून आणला होता. बिचारा भाषा शिकला तोच माझ्या आवाजावरून. एवढा उंच माणूस बोलतो आणि ऐकू येते कपाटातली मी! मला हसू आलं ते आनंदाचं होतं. पण त्याला हसूच तेवढं ऐकू आलं. त्याने झाकण लावलं, थर्मास ठेवला आणि इंजिन सुरू केलं.

"अहो, तसं नाही हो... ऐका तरी..."

"वेळ झाली," तो ऑफिसच्या भाषेत म्हणाला.

त्यानंतर तो चहा द्यायचा, पण बोलायचा नाही. कुठल्याच भाषेत. मी समजावलं, माफी मागितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली, एवढंच. मी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. भाषा शिकवणारी मी, माणसाला बोलतं करणं ही माझी रोजची भाकरी, आणि नेमक्या ज्याच्या तोंडचा शब्द ऐकायला मी आसुसले होते त्याचंच तोंड मी बंद केलं. त्याच दिवसांत मला नक्की कळलं, की मी त्याच्या प्रेमात आहे. पार बुडाले आहे.

---

पाहणीचा दिवस उजाडला. अधिकारीबाई पहिल्या बाकावर बसली, शेजारी मी. बस नेहमीसारखी भरलेली. टोपीवाले काका होते, शाळकरी मुली होत्या, फुलंवाल्या काकू होत्या. आणि मागच्या दारातून आणखी कोण चढावं? आत्या!

"तू इथे?" मी कुजबुजले.

"वारा कुठून येतो ते बघायला आले," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या बाकावर आरशाकडे रोखून बघत बसली.

मौनीबाबाने नियमाप्रमाणे बटण बंद केलं. पहिला थांबा आला. ऑफिसच्या भाषेतली घोषणा झाली आणि मग... शांतता. जिथे माझा आवाज असायचा तिथे एक भोक पडलं. लोकांनी वर पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

दुसरा थांबा. पुन्हा तेच. टोपीवाल्या काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एक मुलगी "अगं, आज..." म्हणाली आणि गप्प झाली. आमच्या माणसांना सवयच आहे हो. शाळेतून भाषा गेली, गप्प बसले. पाट्यांवरून गेली, गप्प बसले. बसमधून गेली, तर बसमधून गेली.

अधिकारीबाईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता, कीव होती, आणि ती जास्त झोंबली. ओरडावंसं वाटत होतं – विचारा ना, कोणीतरी विचारा! पण मी शब्द दिला होता.

वळण आलं. गुलाबी इमारत दिसायला लागली. ऑफिसच्या भाषेतली घोषणा झाली. मग शांतता.

आणि त्या शांततेत खरखर झाली. मौनीबाबाने डॅशबोर्डवरचा माइक उचलला होता. तो माइक बस बंद पडली तर वापरायचा असतो. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग समोर रस्त्याकडे पाहत, आमच्या भाषेत, भर बसमध्ये, तो म्हणाला –

"पुढचा थांबा... स्मशानभूमी."

मौनीबाबा बोलला! आणि पुढच्याच क्षणी अशी गर्जना झाली, की काचा थरथरल्या –

"प्रसूतिगृह!"

सगळ्यात वरचा आवाज आत्याचा होता.

मग बांध फुटला. "अहो, आवाजबाई कुठे गेली?" "आज बंद का केलं?" "आमची नात त्यावरून बोलायला शिकतेय हो!" "उद्या येणार ना आवाज?" सगळे एकदम, सगळे आमच्या भाषेत. अधिकारीबाई गोंधळून उभी राहिली.

"पण इतके दिवस चूक होती, तर तक्रार का नाही केली कोणी?"

"केली की!" टोपीवाले काका म्हणाले. "कितीदा फोन लावला. ते यंत्र ऑफिसच्या भाषेत विचारतं, मी माझ्या भाषेत सांगतो, आणि ते फोन ठेवून देतं. म्हटलं, जाऊ दे, आपणच दुरुस्त करू रोज."

अधिकारीबाई हळूच बाकावर बसली. मग हसली, पहिल्यांदाच, आणि हसल्यावर ती बरीच लहान दिसली. "विचारलं तर राहील, असं म्हटलं होतं मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "राहील. आणि त्या यंत्रालाही तुमची भाषा शिकवावी लागेल. पण दोन थांबे मात्र दुरुस्त करणार हं."

टाळ्या, शिट्ट्या, नुसता जल्लोष. त्यात मला एकदम काकूंची आठवण झाली. मी वळून बघितलं. त्या फुलं सावरत पुढे आल्या होत्या.

"करा दुरुस्त," त्या म्हणाल्या. मग ड्रायव्हरच्या खांद्याला हलकेच हात लावला. "हा आता बोलतो ना. माझ्या फाटकाशी हा सांगेल मला, जे सांगायचं ते."

फाटक आलं. बस शांत झाली. मौनीबाबाने माइक तोंडाशी नेला आणि अगदी हळू म्हणाला, "काकू... प्रसूतिगृह. पायरीकडे लक्ष द्यावे."

काकू उतरल्या. मी मात्र ढसाढसा रडले. अधिकारीबाईने मला आपला रुमाल दिला आणि दुसरा नाही म्हणून स्वतःचे डोळे बाहीला पुसले.

---

शेवटच्या थांब्यावर तो माइकमध्ये म्हणाला, "हा शेवटचा थांबा आहे. कृपया सर्वांनी उतरावे."

लोक उतरायला लागले. मीही उठले. पायरीवर पाऊल टाकणार, तेवढ्यात पुन्हा खरखर झाली.

"आवाजबाई... तुम्ही उतरू नका."

मी वळले. तो आरशातून बघत नव्हता. सरळ माझ्याकडे बघत होता.

"त्या दिवशी तुम्ही हसलात," तो अडखळत म्हणाला. आमच्याच भाषेत, पण या वेळी माझ्या लयीत नाही. जाड, खडबडीत, त्याच्या स्वतःच्या आवाजात. "आज वाटलं, हसू दे. आवाज बंद झाला तर... तुमचं हसणं पण बंद होईल. ते मला... ते नको. मला तुम्ही... आवडता. चहाशिवाय पण."

"चुकलं का काही?" त्याने घाबरून विचारलं.

"एक अक्षर नाही," मी म्हणाले. "आणि मलाही. चहाशिवाय पण. कधीपासून!"

त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. मी त्याचा हात धरला. माइक अजून त्याच हातात होता. काय करावं सुचेना. आनंदाने तोंडाला कुलूप लागलं, ते माझ्या! मग सवयीने मी माइक जवळ ओढला आणि माझ्या घोषणेच्या आवाजात म्हणाले, "पुढचा थांबा..."

आणि अडले. पुढचा थांबा काय, ते कोणाला माहीत होतं?

पण बसच्या दाराबाहेरही एक स्पीकर असतो, थांब्यावरच्या लोकांना सांगायला. तो सगळा वेळ चालू होता. आमचे प्रवासी घरी गेलेच नव्हते. दाराशी कोंडाळं करून, श्वास रोखून, एकूण एक शब्द ऐकत उभे होते – टोपीवाले काका, मुली, अधिकारीबाई – आणि सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून, आत्या. तिने हात वर केला, आणि अख्खा थांबा एका सुरात ओरडला –

"प्रसूतिगृह!"